बिघाड हवा, पण हा नव्हे

नांद्यात कोणी ओट्यावर बसून सोल्डरिंग गन हातात घेतली, की त्याचं खासगी आयुष्य तिथेच संपतं. राळेचा धूर दिसला की रस्त्याने जाणारा माणूस थांबतो, "काय जोडताय?" असं विचारतो, उत्तर ऐकून घेत नाही आणि घरी जाऊन बंद पडलेली डास मारायची रॅकेट घेऊन येतो. त्याच्या मागोमाग इमर्जन्सी लाइट, मिक्सर आणि सेट टॉप बॉक्सचा रिमोट. एकीकडे हिंजवडीच्या कंपन्या, दुसरीकडे लवळ्याच्या टेकडीवरचं विद्यापीठ. मुळशी तालुक्यातलं हे गाव दोन्ही बाजूंनी शहाण्या माणसांनी वेढलेलं आहे. पण बंद पडलेली रॅकेट त्या दोन्ही ठिकाणी कोणी हातात घेत नाही.

माझा भाचा ओट्यावर बसला होता तो मात्र दुरुस्तीसाठी नव्हे. तो गिटारचं फझ पेडल जोडत होता. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये बसणारा, पायाने दाबायचा डबा. गिटारचा स्वच्छ आवाज एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फाटून बाहेर येतो. हे समजावून सांगितल्यावर प्रत्येकाने तेच विचारलं.

"म्हणजे आत्ता आवाज चांगला येतोय?"

"हो."

"आणि हे बसवल्यावर बिघडणार?"

"हो."

यावर लोक आपापल्या रॅकेटी उचलून परत गेले. चांगली वस्तू हौसेने बिघडवणाऱ्याच्या हातात बिघडलेली वस्तू कोण देईल?

यात भाच्याचा दोष नाही. या धंद्याचा पायाच बिघाडावर घातलेला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये काहीतरी बिनसलं आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज घोगरा, फाटका येऊ लागला. आपल्या मांडवात असं झालं असतं तर साउंडवाल्याचे पैसे कापले गेले असते. तिथे त्यांनी तो आवाज तसाच ठेवला आणि गाणं गाजलं. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड हुकमी कसा करता येईल याचं सर्किट बसवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने तो डब्यात भरून विकायला काढला. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजवल्यावर सगळ्यांनाच आपला आवाज बिघडावा असं वाटू लागलं. दरम्यान १९६४ मध्ये 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने सर्किटबिर्किटच्या भानगडीत न पडता ब्लेड घेऊन स्पीकरचा पडदाच कापला होता. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' काढला. माईकच्या स्टँडचं गोल बूड बघून त्याचा आकार सुचला म्हणतात. जिमी हेंड्रिक्सने तो पायाखाली घेतला आणि पुढचा इतिहास शेजाऱ्यांनी सोसला.

भाच्याने फझ फेसच निवडला. कारण उघड होतं: ट्रान्झिस्टर दोन, कपॅसिटर तीन, रेझिस्टर चार आणि फिरवायचे पॉट दोन. एवढ्या अकरा वस्तूंत आवाजाची वाट लागते. कमी खर्चात जास्तीत जास्त नुकसान.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे अजिबात पटलं नाही. उमेदीची वर्षं त्यांनी भजनी मंडळात काढली आहेत. "आमच्या वेळी आवाज फाटला की कर्णा उतरवून दुरुस्तीला न्यायचो," ते म्हणाले. मी त्यांना मिरजेची आठवण करून दिली. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची पाठ घासून घासून जवारी काढतात. वादक तारेखाली दोरा घालतो आणि तो केसभर पुढे-मागे सरकवत राहतो. तार घोडीला निसटती लागत राहावी आणि तिच्यातून झणझणीत, भरलेला नाद निघावा, एवढ्यासाठी ही खटपट. तार नुसतीच स्वच्छ वाजली, तर कारागिराच्या लेखी जवारी गेली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात या झणझणाटाचा वाटा मोठा आहे. भाच्याचे दोन ट्रान्झिस्टर करतात तेही याच जातीचं काम. सुराची लाट वर-खाली छाटली जाते, त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर उभे राहतात आणि कानाला आवाज भरलेला वाटतो.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तंबोऱ्याला बॅटरी लागते का?"

देवळात हल्ली वाजतो तो तंबोरा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याला ॲडाप्टर लागतो, हे मी बोललो नाही. वडिलांशी वाद घालताना कुठे थांबायचं हे मला कळतं.

सामान आणायला आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे गिऱ्हाईकाला माल नंतर आणि मत आधी मिळतं.

"थ्रीपीडीटी फूटस्विच आहे का?"

"डीपीडीटी आहे."

"नाही, तीनवाला पाहिजे."

"मग दोन डीपीडीटी घ्या. चार होतील. एक वर राहील."

गणित बिनचूक होतं. ते दोन स्विच एकाच पायाने एकाच क्षणी कसे दाबायचे, हा प्रश्न काउंटरच्या अलीकडचा होता. थ्रीपीडीटी फूटस्विच गिटारवाले सोडून फारसं कोणी मागत नाही. शेवटी तो ऑनलाइन मागवावा लागला. रेझिस्टर सुटे मिळत नव्हते, पट्टी घ्यावी लागली. त्यामुळे आमच्या घरात सध्या ३३ हजार ओहमचे रेझिस्टर पुढच्या दोन पिढ्यांना पुरतील इतके आहेत. या रेझिस्टरवर तीन नारिंगी पट्टे असतात. बारावी सायन्स केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे पट्टे 'बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन'च्या कृपेने पाठ असतात. पण पाठांतर वेगळं आणि ओट्यावरची ट्यूबलाइट वेगळी. तिच्या उजेडात नारिंगी, तांबडा आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकाच आईची लेकरं दिसतात आणि ३३ हजारांच्या जागी ३३० गुपचूप जाऊन बसतो.

मूळ फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. त्या जातीचा एसी १२८ आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवत असे आणि जुन्या रेडिओंत तो असायचा. हे वाचल्यापासून भाच्याची नजर माळ्यावर जाऊ लागली. तिथे आबांचा बंद पडलेला जुना रेडिओ आहे. "तो दुरुस्त व्हायचाय," असं आबा वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. भाच्याने शिडी लावल्याचं दिसताच त्यांनी खुर्ची शिडीखाली ओढली आणि पेपर वाचत बसले. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, एप्रिल-मे आला की ते चळतं, असं स्वतःचं समाधान करून भाच्याने दोन-तीन रुपयांचा सिलिकॉनचा बीसी ५४७ पत्करला.

डब्याची कथा वेगळी. पेडलसाठी ॲल्युमिनियमचे डायकास्ट डबे तयार मिळतात, पण त्यांची किंमत आतल्या सगळ्या सामानापेक्षा जास्त. तेव्हा भाच्याच्या मामीच्या स्वयंपाकघरातला चौकोनी स्टीलचा डबा, तिला बहुतेक सांगून, घेण्यात आला. त्याला भोकं पाडायला आम्ही रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. गावात इमारती इतक्या वेगाने उठत आहेत की त्याला खिडक्यांच्या ग्रिलमधून मान वर करायला फुरसत नसते. त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला.

"कशाचं भोक?"

"स्विचला बारा एमएमचं. दोन जॅकला थोडं लहान."

"यात ठेवणार काय?"

"आवाज बिघडवायचं सर्किट."

त्याने चष्मा वर केला, आमच्याकडे पाहिलं आणि ड्रिल चालू केलं. लोकांच्या गॅलरीला मोराचे ग्रिल बसवून देणाऱ्याला कशाचंच नवल वाटत नाही. भोकं सुबक पाडली, कडा घासल्या आणि आम्ही नको म्हणत असताना डबा आतून-बाहेरून रेड ऑक्साइडने रंगवून दिला. "गंजणार नाही," तो म्हणाला. स्टील गंजत नाही, पण माणूस मनापासून काही फुकट देत असला की त्याला धातुशास्त्र सांगू नये.

मग जोडणी. डाख देणं ही कला आपल्याला नवीन नाही. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा, धूर काढायचा आणि कथिल फिरवायचा. सोल्डरमध्येही कथिलच असतं, जोडीला शिसं, आणि नवसागराचं काम तारेच्या पोटात भरलेली राळ करते. कल्हईवाल्याचा नियमही तोच: आधी भांडं तापव, मग कथिल लाव. तार आणि पाय दोन्ही तापवायचे आणि सोल्डर त्यांच्यावर वितळू द्यायचं. घाई करून गनच्या टोकावरचा थेंब वरून टेकवला, की तो चिकटल्याचं नाटक करतो आणि आतून सुटा राहतो. टीव्ही मेकॅनिकच्या तोंडी यालाच 'ड्राय सोल्डर' म्हणतात. आयुष्यातल्या निम्म्या बिलांवर आपण हे दोन शब्द ऐकलेले असतात.

खरी कसोटी त्या फूटस्विचची. त्याला नऊ पाय. तीन ओळी, तीन रांगा. एक रांग आत येणाऱ्या आवाजाची, एक बाहेर जाणाऱ्या आवाजाची आणि तिसरी एलईडी पेटवायला. पेडल बंद असताना गिटारचा आवाज सर्किटला न शिवता परस्पर बाहेर पडावा, यासाठी हा खटाटोप. मुंबईहून साताऱ्याला जाणारा ट्रक पुण्यात न शिरता बाहेरच्या बाहेर जावा म्हणून देहूरोड-कात्रज बायपास काढला, तसाच हा बायपास. फरक इतकाच, की डब्यातल्या बायपासच्या दोन्ही बाजूंना अजून सोसायट्या झालेल्या नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. पेडलला बॅटरीचा स्विचच नसतो. आत येणाऱ्या तारेसाठी स्टीरिओ जॅक बसवतात आणि बॅटरीची मायनस त्याच्या मधल्या पत्र्याला जोडतात. गिटारची पिन, आपले साउंडवाले जिला पी-३८ म्हणतात, ती आत खुपसली की तो पत्रा आपोआप अर्थला टेकतो आणि बॅटरी चालू. पिन काढली की बंद. कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली ही काटकसर शुद्ध पुणेरी आहे. तो माणूस सदाशिव पेठेतला नसला तर मला वाईट वाटेल.

जोडून झाल्यावर भाच्याने पिन खुपसली, पायाने स्विच दाबला आणि तार छेडली. डब्यातून जे बाहेर आलं ते भयंकर होतं. आणि इथेच खरी पंचाईत झाली. मिक्सर बिघडला तर तो फिरत नाही, पंखा बिघडला तर वारा येत नाही. पण ज्या यंत्राचं काम बिघडवणं हेच, ते बिघडलंय हे ओळखायचं कसं? शेजारी म्हणाले, "झालं वाटतं तुमचं!" भाचा डोकं धरून बसला होता. हा बिघाड तो नव्हता.

पहिला शोध लागला मीटरने. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे केली की पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. अमेरिकन २एन ३९०४चे बरोबर उलटे. आकृती एकाची, माल दुसऱ्याचा. ट्रान्झिस्टर उपटून फिरवून बसवला. मग आईस्क्रीमच्या काडीने एकेक सांधा हलकेच ठोकत गेलो. एका ठिकाणी काडी लागताच कडकड झाली. तो सांधा बाकीच्यांच्या मानाने मळकट आणि खरबरीत होता. गन टेकवली, सोल्डर पुन्हा वितळलं, चमकलं, गप्प झालं.

राहिली ती गुणगुण. गिटारला हात नसला की डबा एका सुरात घुमत राहायचा आणि तारांवर हात ठेवला की खाली बसायचा. देवळातले पेटीमास्तर वाटेत थांबले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पांढरी पाच. जरा चढी आहे."

ते अक्षरशः खरं होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. पेटीवरची पांढरी पाच त्या सप्तकात ४९ हर्ट्झला बोलते. म्हणजे या देशातला प्रत्येक नादुरुस्त ॲम्प्लिफायर, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, किंचित चढ्या पांढऱ्या पाचात गातो. राष्ट्रीय एकात्मतेचं याहून सुरेल उदाहरण माझ्या माहितीत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. इतका मोठा देश, पण पट्टी नाही. गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा आमची गुणगुण पूर्ण थांबली आणि घरात आनंद झाला. ॲम्प्लिफायरही बंद आहे हे थोड्या वेळाने लक्षात आलं.

कारण निघालं रेड ऑक्साइड. धातूचा डबा अर्थला जोडलेला असला तर बाहेरची गुणगुण अंगावर घेतो. इथे जॅकचा नट डब्याला लागत होता, पण मध्ये फॅब्रिकेशनवाल्याच्या प्रेमाचा थर होता. पॉलिशपेपरने भोकाभोवतीचा रंग खरवडला आणि पांढरी पाच मावळली.

बॅटरी वाचवायला भाच्याने मध्येच वाय-फाय राउटरचा ९ व्होल्टचा ॲडाप्टर लावून पाहिला, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. मामीची ऑफिसची मीटिंग अर्ध्या वाक्यात तुटली आणि पेडल निपचित पडलं. गिटारच्या पेडलना पिनच्या मध्यभागी मायनस लागतो, राउटरच्या ॲडाप्टरला मध्ये प्लस असतो. एका पै-किमतीच्या डायोडने पेडल वाचवलं. भाच्याला मामीपासून वाचवणारा डायोड बाजारात मिळत नाही.

गुणगुण गेल्यावर तिच्याखाली दबलेला दुसराच आवाज वर आला. सकाळची वेळ होती. पेडल चालू, गिटार भिंतीला टेकवलेली, आणि ॲम्प्लिफायरमधून बारीक आवाजात सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. गिटारची लांब तार एरियल झाली होती आणि ट्रान्झिस्टर स्वतःहून रेडिओचं काम करू लागला होता. जगभरच्या फझ पेडलांना ही खोड असते. भाचा संतापला. आबा मात्र चहाचा कप घेऊन आले, स्टूल ओढलं आणि गिटारसमोर बसले. पुढच्या सकाळींना ते ठरलेल्या वेळी येऊन बसू लागले. बातम्या, शेतीविषयक सल्ला, हवामान. इतकी वर्षं माळ्यावर दुरुस्तीची वाट पाहणारा रेडिओ शेवटी पायाखालच्या डब्यात लागला होता.

भाच्याने आत येणाऱ्या तारेवर १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर बसवला. आकाशवाणी बंद. आता गिटार जशी फाटायला हवी तशी, भरदार, गुरगुरत फाटत होती. भाच्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. आबा चहा घेऊन आले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं चाललं होतं. बिघडवलंस ना शेवटी?"

मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन नावाची कंपनी असलीच पेडल बनवते आणि परदेशातले लोकही ती विकत घेतात, हे मी शेजाऱ्यांना सांगून भाच्याची बाजू सावरायचा प्रयत्न केला. नाव ऐकून त्यांनी पोल्ट्रीतल्या नफ्या-तोट्याची चौकशी केली.

कदर झाली ती शेवटी एका लग्नाच्या हळदीच्या दिवशी. शेजारच्या आळीत बेंजो पार्टी आली होती. हा बेंजो म्हणजे मूळचा जपानी. नागोयाच्या मोरिता गोरोने १९१२ मध्ये टायपरायटरसारख्या कळा असलेलं 'तायशोगोतो' काढलं, ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रातल्या वरातींनी त्याला पिकअप बसवून रस्त्यावर उतरवलं. गिटारचे तयार प्रोसेसर लावून हा बेंजो असा काही फाडतात, की हेंड्रिक्स असता तर त्यानेही टॉवेल उडवला असता. फाटक्या आवाजाची खरी जाणकार माणसं नॅशव्हिलला नाहीत, वरातीत आहेत. बेंजोवाल्या मास्तरांनी भाच्याचं पेडल जोडलं, दोन्ही पॉट पूर्ण फिरवले आणि नागीण काढली. गल्लीतली पोरं जमिनीवर लोळली. मास्तर मात्र कान तिरका करून म्हणाले, "डबा भारी हाय. पण आवाज लई स्वच्छ येतोय ओ. अजून जरा फाडा की."

भाच्याने ती दाद आणि ती ऑर्डर दोन्ही घेतल्या. पहिला डबा मास्तरांकडेच राहिला, दुसऱ्याची जोडणी आता सुरू आहे. मामीने डबे मोजून कुलपात ठेवले आहेत. फॅब्रिकेशनवाल्याला रंग फक्त बाहेरून मारायला सांगितलंय. आबा रोज ओट्यावर येऊन कामाची पाहणी करतात आणि त्यांची मागणी एकच आहे. "बेंजोवाल्याचं बेंजोवाल्याला दे," ते म्हणतात, "पण माझ्यासाठी एक जोड. त्यात तो शंभरवाला घालू नकोस."